अकाली बहर : सौम्य हिवाळा, ऋतुव्यापत्ती आणि औषधिसंग्रहाचा काल

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसनाचा आहे. पांचाल देशातील कांपिल्य नगरीजवळ, ग्रीष्माच्या अखेरीस, गंगातीरीच्या वनात फिरत असता भगवान पुनर्वसु आत्रेय शिष्य अग्निवेशास सावध करतात. ऋतूंची लक्षणे बिघडलेली दिसत आहेत, भूमी लवकरच नीरस होईल, तत्पूर्वीच औषधी काढून ठेवा, असा त्यांचा आदेश आहे. रस, वीर्य, विपाक व प्रभाव क्षीण होण्याआधी औषधी हाती असावी, नंतर व्याधी उद्भवल्यावर धावाधाव करून उपयोग नाही, हे त्यामागील कारण. पुढे याच अध्यायात वायू, उदक, देश आणि काल या चार भावांच्या विकृतीचे वर्णन येते. ऋतूच्या स्वाभाविक लक्षणांहून विपरीत, अधिक किंवा हीन लक्षणे दिसणारा काल अहितकर जाणावा, असे तेथे सांगितले आहे.

हिवाळ्यात थंडी कमी पडणे म्हणजे हेमंत व शिशिर यांचे हीनलक्षण होय. गेल्या काही वर्षांत हा अनुभव आपण सर्वच घेत आहोत. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या नोंदींनुसार १९०१ पासूनच्या सर्व वर्षांत २०२४ हे वर्ष देशात सर्वांत उष्ण ठरले होते. त्यापाठोपाठ आलेल्या २०२५ च्या फेब्रुवारीने सरासरी तापमानाच्या बाबतीत १९०१ पासूनच्या सर्व फेब्रुवारी महिन्यांना मागे टाकले. त्याआधी २०२३ च्या फेब्रुवारीने दिवसाच्या कमाल तापमानाचा उच्चांक गाठला होता. अशा हिवाळ्यात परसबागेतील व रानातील अनेक वनस्पती वेळेआधी फुलतात. सामान्य जनांस त्याचे कौतुक वाटते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात आणि विषय तेथेच संपतो. वैद्याच्या आणि औषधिनिर्मात्याच्या दृष्टीने मात्र विषय तेथून सुरू होतो. वेळेआधी आलेले फूल औषधासाठी घ्यावे काय? घ्यावयाचे तर केव्हा? आणि ज्या ऋतूने वनस्पतीला चकविले, त्याच ऋतूने आपल्या रुग्णाचे काय केले असेल? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

संहितांमधील पुष्पसाक्ष

ऋतू ओळखण्यासाठी आपल्या आचार्यांनी केवळ महिन्यांची नावे दिली नाहीत. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात प्रत्येक ऋतूचे वर्णन करताना त्या त्या वेळी फुलणाऱ्या वनस्पतींची नावे दिली आहेत. हेमंतात लोध्र, प्रियंगू आणि पुन्नाग, तर वसंतात पळस, बकुळ, आम्र आणि अशोक. ही वर्णने काव्य म्हणून वाचण्याची आपल्याला सवय झाली आहे. वस्तुतः ती निदानाची लक्षणे आहेत. ज्वराची पूर्वरूपे जशी नोंदवावीत, तशी ऋतूची रूपे तेथे नोंदविलेली आहेत.

त्याच अध्यायात सुश्रुताचार्य आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगतात. ऋतू अव्यापन्न असतील तर औषधी व जल अव्यापन्न राहतात आणि त्यांच्या सेवनाने प्राण, आयुष्य, बल, वीर्य व ओज यांची वृद्धी होते. ऋतू व्यापन्न झाले की औषधी व जलही व्यापन्न होतात आणि त्यांच्या उपयोगाने नाना रोग उद्भवतात. म्हणजे ऋतूचा बिघाड रुग्णापर्यंत दोन वाटांनी पोहोचतो. पहिली वाट सरळ शरीरातून जाते. दुसरी वाट आपण दिलेल्या औषधातून जाते. पहिल्या वाटेकडे आपण ऋतुचर्या म्हणून लक्ष देतो. दुसरीकडे मात्र आपले दुर्लक्ष होते, कारण औषध आता पुडीतून व बाटलीतून येते आणि ते कोणत्या हवेत फुलले याचा उल्लेख त्या बाटलीवर नसतो.

वेळेआधी फुलण्याची कारणे

वनस्पती फुलते ती प्रामुख्याने तीन संकेतांवर : दिनमान, तापमान आणि जमिनीतील ओल. कोणती वनस्पती कोणत्या संकेताला अधिक मानते, यावर तिचे सौम्य हिवाळ्यातील वर्तन अवलंबून असते.

दिनमानावर फुलणाऱ्या वनस्पतींचे परिचित उदाहरण शेवंतीचे आहे. दिवस लहान व रात्र मोठी होऊ लागली की ती कळ्या धरते. थंडी कमी पडली म्हणून दिवसाची लांबी बदलत नाही, त्यामुळे अशा वनस्पतींचा काल फारसा हलत नाही. तापमानाचा संकेत मानणाऱ्या वनस्पती मात्र उबदार हवेत कळी लवकर उमलवितात. पळस, पांगारा, काटेसावर हे आपल्या शुष्क पानझडी वनांतील वृक्ष पाने गाळून फुलतात. पाने गळली की बाष्पोत्सर्जन थांबते, खोडात पुन्हा पाणी साठते आणि कळ्यांची वाढ वेग घेते. म्हणून पानगळ लवकर झाली तर बहरही लवकर येतो. पानगळ केव्हा व्हावी, हे परतीचा पाऊस कधी थांबला आणि जमिनीत ओल किती उरली यावरही ठरते. त्यामुळे पळस लवकर फुलला की सर्व दोष सौम्य हिवाळ्यावर ढकलणे योग्य नव्हे. मागील पावसाळ्याकडेही पाहिले पाहिजे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हिवाळा सौम्य असला की सर्वच झाडे लवकर फुलतात असे नाही. आंब्याचे उदाहरण घ्या. आंब्याला मोहर धरण्यासाठी रात्रीच्या गारव्याची गरज असते. कोकणातील बागायतदार मार्गशीर्ष-पौषातील थंडीची वाट पाहतात ती यासाठीच. गारवा पुरेसा मिळाला नाही तर डोळ्यांतून मोहराऐवजी नवी पालवी फुटते, मोहर उशिरा, तुटक किंवा अल्प येतो. म्हणजे एकाच सौम्य हिवाळ्यात शेताच्या बांधावरचा पळस लवकर आणि शेजारच्या वाडीतील आंबा उशिरा, असे दृश्य दिसू शकते. व्यापन्न ऋतूचे खरे लक्षण हा विस्कळीतपणाच आहे. सर्व बहर एकसारखा पंधरा दिवस पुढे सरकला असता, तर आपणही पंधरा दिवस पुढे सरकलो असतो आणि प्रश्न मिटला असता.

मोजणी कोणत्या पंचांगाने?

लवकर हा शब्द वापरताना तो कशाच्या तुलनेत, हे आधी निश्चित केले पाहिजे. आपल्याकडे बहराची आठवण सणांशी जोडलेली असते. होळीला पळस, पाडव्याला कडुनिंबाचा फुलोरा, अक्षय्य तृतीयेला आंबा. परंतु आपले सण चांद्रमासावर चालतात आणि झाडे सूर्यावर. २०२३ साली होळी ६ मार्चला होती. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि २०२४ ची होळी २४ मार्चला गेली. अठरा दिवसांचा हा फरक आहे. पळस दोन्ही वर्षी इंग्रजी महिन्याच्या एकाच तारखेस फुलला असता, तरी २०२४ मध्ये लोकांनी तो होळीच्या फार आधी फुलला असेच म्हटले असते. २०२५ ची होळी पुन्हा १३ मार्चला आली. त्यामुळे होळीच्या आधी किंवा नंतर या मोजणीने दोन वर्षांची तुलना करणे फसवे ठरते.

दुसरी बाब अयनाची. आपण मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस साजरी करतो, तथापि सूर्याचे प्रत्यक्ष उत्तरायण २१-२२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते. अयनचलनामुळे हा सुमारे चोवीस दिवसांचा फरक शतकानुशतके साचला आहे. संहितांमध्ये आदानकाल व विसर्गकाल यांचा विचार सूर्याच्या गतीवर आधारलेला आहे. ग्रंथातील मासनाम आणि आजची तारीख यांची सांगड घालताना एवढे अंतर ध्यानात ठेवले नाही, तर स्वाभाविक बहरही आपल्याला अकाली वाटू लागतो.

म्हणून नोंद ठेवावयाची ती सौर तारखेने, आणि निष्कर्ष काढावयाचा तो अनेक वर्षांच्या नोंदीवरून. जपानमधील क्योतो नगरात चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासून दरबारी रोजनिशांत व इतर जुन्या कागदांत सापडतात. म्हणूनच २०२१ साली २६ मार्चला आलेला पूर्ण बहर हा बाराशे वर्षांतील सर्वांत लवकरचा, असे तेथील अभ्यासकांना ठामपणे म्हणता आले. आपल्या देशात हिमालयातील बुरांश, म्हणजे तांबड्या फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन, याविषयी वनस्पतिसंग्रहालयांतील जुन्या नमुन्यांवरील तारखा पाहून अभ्यास झाला असून गेल्या शंभर वर्षांत त्याचा बहर बराच अलीकडे सरकल्याचे दिसून आले आहे. नोंद नसेल तर उरते ती केवळ वृद्धांची आठवण. ती आदरणीय आहे, पण पुराव्याची जागा ती घेऊ शकत नाही.

अकाली पुष्प ग्राह्य की त्याज्य?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात संग्रहकाल सांगितला आहे. कोवळ्या शाखा व पाने वर्षा आणि वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, त्वचा, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात घ्यावे. पुष्प व फळ यांच्याबाबत मात्र त्यांनी ऋतूचे नाव घेतलेले नाही. ज्या वनस्पतीचा जो पुष्पफलकाल असेल त्या काळी ती घ्यावीत, एवढेच ते सांगतात. इतर अंगांसाठी ऋतू निश्चित करणारे आचार्य येथे निर्णय वनस्पतीवर सोपवितात, हे विचार करण्यासारखे आहे.

मदनफळाचा संग्रह सांगताना वसंत व ग्रीष्म यांमधील काल, नक्षत्र आणि मुहूर्तही दिला आहे. परंतु तेवढ्यावर न थांबता फळ पक्व असावे, हिरवे नसावे, पांडुवर्ण असावे, किडलेले, कुजलेले वा खुरटे नसावे, अशी लक्षणांची मालिकाच दिली आहे. आरग्वधाच्या बाबतीतही शेंग परिपक्व झालेली असावी यावर भर असून नंतर ती सात रात्री वाळूत ठेवून उन्हात सुकविण्यास सांगितले आहे. काल हा संकेत आहे आणि परिपक्वतेचे लक्षण हा निर्णय आहे, असा या दोन्ही स्थळांचा आशय माझ्या मते घ्यावा लागतो. सुश्रुताचार्यांनीही सूत्रस्थानाच्या छत्तिसाव्या अध्यायात अमुक ऋतूत अमुक अंग हा ठोकताळा पूर्वपक्ष म्हणून मांडून, सौम्य द्रव्ये सौम्य ऋतूत व आग्नेय द्रव्ये आग्नेय ऋतूत घ्यावीत हे तत्त्व पुढे ठेवले आहे.

या आधारावर अकाली बहराचे तीन प्रकार करून विचार करणे व्यवहारात सोयीचे जाते.

१) पुढे सरकलेला परंतु संपूर्ण बहर. झाडाने पानगळ पूर्ण केली आहे, कळ्या सर्व फांद्यांवर एकदम आल्या आहेत, फुलांचा आकार, वर्ण व गंध नेहमीसारखा आहे, मधमाश्या व पक्षी येत आहेत. अशा वेळी वनस्पतीचा पुष्पकालच पुढे आला, असे समजावे. फूल ग्राह्य आहे. बदलावयाचे आहे ते आपले खरेदीचे वेळापत्रक.

२) तुटक व लांबलेला बहर. एका फांदीवर फुले, दुसरीवर कळ्या, तिसरीवर जुनी पाने तशीच. थोडी थंडी, पुन्हा ऊब, मग अवकाळी पाऊस अशा हवेत असे घडते. येथे फूल त्याज्य नाही, पण एकाच दिवशी सरसकट ओरबाडलेला माल विषम प्रतीचा असतो. निवडून, दोन-तीन तोडण्यांत घेतला तरच तो उपयोगी.

३) ऋतुबाह्य दुबार बहर. नेहमीचा बहर होऊन गेल्यावर किंवा त्याच्या कित्येक महिने आधी, झाडावर ताण आल्यामुळे आलेली विरळ फुले. फुले खुरटी, निस्तेज, अल्पगंधी. हा बहर औषधासाठी घेऊ नये. परसबागेत कुतूहल म्हणून पाहावा आणि वहीत नोंद करावी.

धायटीचे उदाहरण

औषधिनिर्मात्यांच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचे पुष्प म्हणजे धायटी. आसवारिष्टांतील संधानासाठी धायफुलांचा वापर आपण नित्य करतो. फुलांतील कषाय द्रव्य आणि फुलांबरोबर निसर्गतः येणारे किण्व ही दोन्ही त्या कार्यात उपयोगी पडतात. सह्याद्रीच्या उतारांवर माघ ते चैत्र हा धायटीचा सर्वसाधारण पुष्पकाल. फूल लहान, नळीसारखे, तांबडे. विशेष हे की फूल ओसरल्यावरही त्याची निदलपुंजाची नळी गळत नाही, तिच्या आत बोंड धरते. लांबून पाहिले तर फूल आहे असेच वाटते.

सौम्य हिवाळ्यात नेमका येथेच घोटाळा होतो. बहर जानेवारीत उरकतो, तोडणी मात्र नेहमीप्रमाणे होळीच्या आगेमागे होते. मग पोत्यात येतात ती फुले नसून बोंडे धरलेल्या, विटलेल्या नळ्या. २०२५ च्या मार्चमध्ये एका परिचित औषधिनिर्मात्याकडे आलेला माल मी पाहिला. वर्ण काळसर तपकिरी, हाताने चोळल्यास बारीक बीज गळत होते, चवीला तुरटपणा कमी. माल परत गेला आणि अरिष्टाची घाणी लांबणीवर पडली. पुरवठादाराचे म्हणणे असे की माल याच हंगामाचा, ताजा आहे, आणि ते खरेही होते. मागाहून मावळातील घाटमाथ्यावर फुले वेचणाऱ्या एका वयस्क मावशींना विचारले, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "डॉक्टर, धायटी अवंदा संक्रांतीच्या टायमालाच लाल झाली होती. पर तवा घ्यायला कुणी आलंच न्हाई. गिऱ्हाईक येतं तवा आमी तोडतो."

या एका वाक्यात सर्व काही आले. रानाची माहिती त्यांना होती, गरज आपल्याला होती, मधला व्यवहार मात्र कॅलेंडरवर चालला होता. सुश्रुताचार्यांनी गोपाळ, तापस, व्याध आणि वनात राहणाऱ्या इतर जनांकडून औषधी जाणून घ्याव्यात असे सांगितले आहे. औषधी जाणणे म्हणजे तिचे नाव व रूप जाणणे एवढेच नव्हे, ती यंदा केव्हा फुलली हेही जाणणे होय.

टंचाई आणि भेसळ

हंगाम चुकला की माल कमी पडतो आणि कमी मालाबरोबर भेसळ येते. नागकेशराचे उदाहरण आपणा सर्वांस ठाऊक आहे. खऱ्या नागकेशराच्या पुंकेसरांऐवजी बाजारात सुरंगीच्या कळ्या तांबडे नागकेशर म्हणून सर्रास विकल्या जातात. ज्या वर्षी बहर अनियमित, त्या वर्षी अशा पर्यायांना अधिकच जोर येतो. लवकर आलेल्या बहरानंतर अचानक थंडीची लाट अथवा गारपीट आली, तर फलधारणाही घटते आणि पुढे बियांची व फळांची टंचाई होते. पळस लवकर फुलला म्हणजे पळसबीजही लवकर पक्व होणार, हा हिशेब त्याच वेळी मांडून ठेवला तर पुढील गैरसोय टळते.

मुळांच्या बाबतीतही विचार आवश्यक आहे. अश्वगंधेचे पीक पाने सुकू लागून फळे तांबडी झाली की काढतात. उष्ण जानेवारी-फेब्रुवारीत पीक लवकर सुकते. दिसण्यात ते तयार असते, परंतु मूळ पोसण्यास पुरेसा अवधी मिळालेला नसतो. खरेदी करताना मुळांची जाडी व तोडल्यावर दिसणारा पांढरा पिठूळ भाग पाहावा. ईसबगोलासही थंड, कोरडी हवा मानवते आणि पक्व पिकावर अवकाळी पाऊस पडला तर बी झडते. तेव्हा सौम्य हिवाळ्याचा हिशेब केवळ फुलांपुरता नाही.

औषधिनिर्मात्यांसाठी सूचना

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी व्यवहारात आणण्याजोग्या वाटतात.

१) जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच संग्राहकांशी संपर्क साधून धायटी, पळस, नागकेशर व अशोक यांच्या कळ्यांची स्थिती विचारावी. मागणी आधी नोंदवावी आणि शक्य तेथे थोडी आगाऊ रक्कम द्यावी. गिऱ्हाईक येईल की नाही या शंकेनेच तोडणी लांबते.

२) प्रत्येक पोत्याबरोबर तोडणीचे ठिकाण, इंग्रजी तारीख आणि कळी, अर्धबहर, पूर्णबहर वा ओसरता बहर यांपैकी अवस्था लिहून घ्यावी. शेड्यूल टी नुसार कच्च्या मालाची नोंदवही आपण ठेवतोच. तिच्यात हा एक रकाना वाढवावा.

३) वेगवेगळ्या तोडणीचा माल एकत्र करू नये. आयुर्वेदीय भेषजसंहितेत दिलेल्या बाह्यद्रव्य, भस्म, जलविलेय व मद्यविलेय सत्त्व या परीक्षा प्रत्येक लॉटच्या स्वतंत्र कराव्यात. दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की अकाली बहराचा गुणवत्तेवर परिणाम होतो किंवा नाही, हे तर्काने नव्हे तर आपल्याच कागदावरून कळेल.

४) धायफुले चाळून घ्यावीत. चाळणीखाली बीज अधिक पडले तर माल उशिराच्या तोडणीचा आहे असे समजावे.

५) चांगल्या हंगामात नीट सुकविलेली फुले ओल, उजेड व कीड यांपासून जपून थोडी शिल्लक ठेवावीत. जुना साठा निष्काळजीपणे वापरावा असा याचा अर्थ नव्हे. मध, घृत, गूळ, पिप्पली व विडंग वगळता औषधे नवी घ्यावीत, हा नियम कायम आहेच. तथापि व्यापन्न वर्षातील विटलेल्या ताज्या मालापेक्षा मागील वर्षीचा निर्दोष माल बरा.

६) लवकर फुललेल्या झाडाची सर्व फुले ओरबाडू नयेत. अशा वर्षी बीजधारणा आधीच अनिश्चित असते.

चिकित्सकांसाठी विचार

हेमंतात अग्नी बलवान असतो, म्हणून गुरू व स्निग्ध आहार पचतो, हा ऋतुचर्येचा पाया. घराघरांत डिंकाचे व मेथीचे लाडू, बाजरीची भाकरी, तीळगूळ, उडीद यांची योजना याच तत्त्वावर झाली आहे. थंडीच पडली नाही तर अग्नीला ते बल येत नाही, आहार मात्र परंपरेने तोच राहतो. परिणामी कफाचा संचय अधिक होतो आणि उन्हाची तिरीप लवकर लागल्याने त्याचे विलयनही लवकर सुरू होते. चैत्रात अपेक्षित असलेले प्रतिश्याय, कास, अंगगौरव, अरुची, अग्निमांद्य यांचे रुग्ण माघातच दिसू लागतात. ज्या हिवाळ्यात पळस लवकर लाल होतो, त्या हिवाळ्यात हे रुग्णही लवकर येतात, असा माझा चिकित्सानुभव आहे. त्यास शास्त्रीय सिद्धता म्हणता येणार नाही, पण सावध होण्यास तो पुरेसा आहे.

अशा वर्षी पौषाच्या अखेरीपासूनच नित्य रुग्णांना गुरू-स्निग्ध आहार क्रमाक्रमाने कमी करण्यास सांगावे. ऋतुसंधीचे चौदा दिवस, म्हणजे गत ऋतूचे शेवटचे व येणाऱ्याचे पहिले सात, हे महिना पाहून मोजण्यापेक्षा लक्षणे पाहून मोजावेत. जुने धान्य, मूग, जव, मध, सुंठीचे पाणी, व्यायाम व उद्वर्तन यांची योजना थोडी आधी करावी, दिवास्वाप वर्ज्य करावा. च्यवनप्राशादी अवलेह घेणाऱ्यांत भूक मंदावली असल्यास मात्रा कमी करावी किंवा काही दिवस थांबवावे.

वासंतिक वमनाच्या कालाविषयी दरवर्षी विचारणा होते. हेमंतात संचित दोषाचे निर्हरण चैत्रात करावे हे शास्त्रवचन. त्यामागील अपेक्षा साधारण ऋतूची आहे, म्हणजे फार शीतही नाही व फार उष्णही नाही असा काल. फुले लवकर आली म्हणून वमन लवकर करावे, असा सरळ नियम करता येणार नाही. फूल हा हवेचा साक्षीदार आहे, रुग्णाच्या कोष्ठाचा नव्हे. कफोत्क्लेशाची लक्षणे रुग्णात स्पष्ट असतील आणि हवाही स्थिर असेल, तर फाल्गुनात वमन देण्यास प्रत्यवाय नसावा. परंतु दुपारी अंगाची लाही व पहाटे गोधडी, अशी दिवसरात्रीची तफावत असेल तर थांबावे. आत्ययिक प्रसंगी कृत्रिम उपायांनी ऋतुगुण निर्माण करून शोधन करावे, असे चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितले आहेच. वातानुकूलन व उष्ण निवासाची सोय असणाऱ्या आजच्या पंचकर्म केंद्रांना ते अवघड नाही. मात्र चैत्र येईपर्यंत उष्णता तीव्र होऊन पित्ताचा अनुबंध येण्याचा संभव असतो, म्हणून तीक्ष्णोष्ण कल्पांची मात्रा त्या वेळी जपून ठरवावी.

आणखी एक प्रश्न रुग्ण हमखास विचारतात. दारातील पळस किंवा सावर फुलली म्हणून शिंका वाढल्या का? या वृक्षांची परागवाहतूक पक्षी करतात, त्यांचे पराग वाऱ्यावर दूर उडणारे नसतात. वेडी बाभूळ, गाजरगवत व निरनिराळी गवते यांचे पराग अधिक त्रासदायक असतात. भडक फुलांचे निष्पाप झाड तोडण्याचा सल्ला आपल्या तोंडून जाऊ नये.

सामूहिक नोंदीची आवश्यकता

महाराष्ट्र व गोव्यात आपले सभासद किनाऱ्यापासून विदर्भापर्यंत पसरलेले आहेत. शासकीय वेधशाळा तापमान मोजते. परंतु औषधी वनस्पती केव्हा फुलली, आणि त्या वेळी दवाखान्यात कोणते रुग्ण आले, ही दोन्ही एकाच वहीत नोंदविणे वैद्यालाच शक्य आहे. त्यासाठी महागडे साधन नको. पळस, काटेसावर, पांगारा, धायटी, आंबा, करंज, कडुनिंब व बहावा हे आठ वृक्ष-क्षुप पुरेसे आहेत. प्रत्येकाचे एकच ठरावीक झाड निवडावे, दरवर्षी तेच पाहावे. पहिले फूल, अर्धा बहर, बहराची समाप्ती आणि पहिले पक्व फळ, या चार तारखा इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे लिहाव्यात. शेजारी त्या आठवड्यातील कफज, पित्तज विकारांच्या नव्या रुग्णांची संख्या लिहावी. गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि परतीचा पाऊस कधी थांबला याची एक ओळ जोडावी.

एका वर्षाच्या नोंदीतून काही सिद्ध होणार नाही. पाच वर्षांनी दिशा दिसेल, दहा वर्षांनी संग्रहकालाविषयी सर्वांना मान्य होईल असे काही ठामपणे सांगता येईल. तोपर्यंत आत्रेयांनी गंगातीरी दिलेला आदेश आपल्याला पुरेसा आहे : चिन्हे ओळखा, आणि रस जाण्याआधी औषधी हाती घ्या. येत्या मार्गशीर्षात प्रत्येक सभासदाने आपल्या परिसरातील आठ झाडे निवडून ठेवावीत आणि पहिल्या फुलाची तारीख त्याच दिवशी वहीत लिहावी, अशी सर्व वैद्य बंधुभगिनींना व औषधिनिर्मात्यांना विनंती आहे.